गुऱ्हाळानं ठेवून घेतलं

धुळ्यात आमच्या घरापुढून उसाचे ट्रॅक्टर जायला लागले की हिवाळा खरा सुरू झाला, असं मी धरते. स्वेटर, शेकोट्या, बाजारात आलेली भरिताची हिरवी वांगी हे सगळं मागाहून. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ते ट्रॅक्टर गतिरोधकावरून दणकत जातात, एखादं कांडं निसटून रस्त्यावर पडतं, मागून येणारा कुणी सायकल थांबवून ते उचलतो आणि इकडंतिकडं बघत पिशवीत घालतो. मी ओट्यावर उन्हाला बसून हे पाहत असते. सगळा ऊस आता कारखान्याकडे जातो.

परवा सून बाजारातून काकवीची बाटली घेऊन आली. काकवी म्हणजे गूळ होण्याच्या थोडं आधी कढईतून काढून घेतलेला उसाचा पाक. बाटलीवर लेबल, लेबलावर बैलाचं चित्र. तिनं वाटीत ओतली, मी भाकरीचा तुकडा बुडवला.

"कशी आहे, आई?"

"चांगली आहे."

चांगलीच होती. फक्त तिला धुराचा वास नव्हता. पुढचा घास माझ्या हातात तसाच राहिला आणि मी गिरणा नदीच्या काठावर पोचले. तिथली सकाळ, पायाखाली ओली माती, समोर वाफेत दिसेनाशी झालेली बाई, आणि माझ्या मांडीवर भाजलेला एक उजवा हात.

साठच्या दशकाचा शेवट असेल. मी एकवीस वर्षांची होते आणि नर्स होते. वडील धुळ्यात कापडगिरणीत होते, ते गेल्यावर आईनं मला हट्टानं नर्सिंगला घातलं. शिक्षण संपलं आणि भडगाव तालुक्यातल्या एका खेड्यात नेमणूक झाली. गावात दवाखाना म्हणजे एक खोली. तिच्यात एक टेबल, एक कपाट, बाळंतपणाची पेटी आणि भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. त्या त्रिकोणानं माझा घात केला. गावानं ठरवून टाकलं, की ही बाई ऑपरेशनला माणसं धरून न्यायला आलेली आहे.

मी दारोदार जायची. धडधडीत घरात असलेली बाई दारात उभी राहून मला सांगायची, "आमना घर कोनी नही शे." म्हणजे आमच्या घरी कुणी नाही. हे सांगताना पदराआडून दोन पोरं माझ्याकडे बघत असायची. मी 'बरं' म्हणून पुढच्या दारी. ट्रेनिंगमध्ये आम्हांला बजावलं होतं, की लोकांशी शुद्ध भाषेत, अदबीनं बोला, म्हणजे मान राहतो. मी इतकं शुद्ध बोलायची, की माझं मलाच परकं वाटायचं. घरी आईशी मी आयुष्यभर अहिराणीतच बोलले होते, पण गावात एक शब्द तोंडातून काढला नाही. मान राहिला. माणूस मात्र एकही मिळाला नाही.

चार महिन्यांत एकही बाळंतपण माझ्याकडे आलं नाही. संध्याकाळी पाच वाजता मी खोलीचं दार लावून स्टोव्हवर पिठलं टाकायची आणि बदलीचा अर्ज लिहायला बसायची. तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला, बदलीचं कारण काय लिहावं ते सुचेना. 'इथे कुणी आजारी पडत नाही' असं लिहिता येत नव्हतं. आजारी पडत होते, पण ते माझ्याकडे येत नव्हते.

अशात पौष लागला आणि गावाबाहेर नानांच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं. नाना म्हणजे गावातले एक खातेदार. पाटाचं पाणी त्यांच्या शेतातून जायचं, म्हणून ऊस त्यांच्याकडे आणि आजूबाजूच्या पाच-सात घरांकडे. सगळ्यांचा ऊस पाळीपाळीनं नानांच्याच गुऱ्हाळावर गाळला जायचा. माझ्या खोलीपर्यंत इंजिनाचा टुकटुक आवाज यायचा, आणि दहाच्या सुमाराला वारा फिरला की वास. रस तापतानाचा वास आधी हिरवा असतो, ओल्या गवतासारखा. मग तो भाजल्यासारखा होतो, आणि शेवटी असा गोड, जड होतो की पोटात खड्डा पडतो. मी त्या वासावर वेळ ओळखायला शिकले होते. पण गुऱ्हाळावर पाऊल ठेवलं नव्हतं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. एक माणूस धावत आला. त्याचे पाय ढोपरापर्यंत चिकट झालेले होते.

"बाई, लवकर चाला. हिलाल आबाना हात भाजना!"

हिलाल आबा गुळव्या होते. गुऱ्हाळात गुळव्याचा शब्द शेवटचा. रस कधी निवळला, वर आलेली मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे तो सांगणार. एक मिनिट इकडंतिकडं झालं तरी गूळ एकतर बसत नाही, नाहीतर काळा पडतो. आबांचं वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं वाळलेले, बोलणं कमी. वीस वर्षं त्या पंचक्रोशीत त्यांच्या हातचा गूळ जात होता.

मी पेटी उचलली आणि पळाले. पळतापळता त्या माणसानं काय झालं ते सांगितलं. पाक तयार झाला की कढईच्या कड्यांत दांडे घालून सहा माणसं ती चुलाणावरून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवरून, उचलतात आणि शेजारच्या पसरट हौदात पाक ओततात. उचलताना एकाचा पाय मळीवरून घसरला. कढई कलंडली. आबा समोरच्या बाजूला होते. त्यांनी दांडा सोडला असता तर अख्खी कढई त्या पडलेल्या माणसावर गेली असती. त्यांनी सोडला नाही. उकळता पाक त्यांच्या उजव्या हातावरून कोपरापर्यंत गेला, आणि तरी कढई खाली टेकेपर्यंत ते धरून उभे राहिले.

मी पोचले तेव्हा माणसांचा गराडा पडला होता. एक जण शेण घेऊन आलेला, दुसरा शाईची दौत शोधायला पळालेला. आबा जमिनीवर बसले होते. त्यांच्या तोंडातून आवाज नव्हता, फक्त जबडा हलत होता. पाण्यानं भाजलं तर पाणी ओघळून जातं. पाक चिकटतो, आणि चिकटून भाजतच राहतो. हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. मी ते तिथं उभी राहून बघत होते.

आमच्या एक सिस्टर होत्या, धुळ्याला शिकवायच्या. फार कडक. त्या म्हणायच्या, भाजलेल्याला आधी गार पाणी, बाकी सगळं नंतर. मला तेवढंच आठवलं. आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते शुद्ध नव्हतं.

"सरका बठ्ठा! ते शेन फेका तिकडे! हात पानीमा घाला, पयले पानीमा!"

सगळे एकदम गप्प झाले. मला वाटतं, ते माझ्या बोलण्यामुळेच गप्प झाले. नर्सबाई त्यांच्या आईसारखी ओरडली होती.

आठ-दहा पावलांवर पाट वाहत होता. दोघांनी आबांना धरून काठावर बसवलं आणि मी त्यांचा हात पाण्यात धरला. पौषातलं सकाळचं पाणी, माझीच बोटं बधिर झाली. एक म्हातारा मागून म्हणाला, "पानी लागनं म्हंजे फोड येतीन."

"फोड येतीनच," मी म्हटलं. "पन हात ऱ्हाई."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, कुणास ठाऊक. हात राहील की नाही याची मला काहीही कल्पना नव्हती. पाण्यात पाक हळूहळू विरघळत होता, पिवळे धागे सुटून पाटातून वाहत जात होते. अर्धा तास मी तो हात धरून बसले. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. मग आबा बोलले. वेदनेनं आवाज खोल गेला होता.

"बाई, तू कोठली शे?"

"धुयानी."

"मंग इतला दिन असं पुस्तकसारखं कसाले बोलत व्हती?"

त्या माणसाच्या हाताची सालटी निघत होती आणि तो मला हे विचारत होता. मला रडू आलं. मी खाली पाहून पाण्यातच बघत राहिले.

मागच्या महिन्यात माझी नात फोनवर होती. ती नाशिकला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलताबोलता म्हणाली, "आजी, भाजलेल्याला आता आम्ही पहिल्यांदा वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायला सांगतो." मी हसले. ती म्हणाली, "हसतेस काय?" मी म्हटलं, "आम्हांलाही एका बाईंनी तेच सांगितलं होतं गं." त्या कडक सिस्टरांचे आभार मी कधी मानले नाहीत. शिकत होते तेव्हा त्यांना शिव्याच घातल्या. आपल्याला उपयोगी पडलेलं वाक्य कुणाचं होतं, हे कळेपर्यंत ती माणसं हाती लागत नाहीत.

तर हात. मी आबांना म्हटलं, भडगावला डॉक्टरांकडे चला. त्यांनी मान हलवली. ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस थांबत नाही, चार-पाच दिवसांत आंबतो. दुसरा गुळव्या पाचोऱ्याकडे होता आणि त्याच्याही हाताला काम होतं. आबा म्हणाले, एका हातानं करतो. मी म्हटलं, वाफेत आणि धुरात बसलात, हाताला घाण लागली, तर हात जाईल. बोटं एकमेकांना चिकटून बसतील. मग ना गूळ, ना भाकरीचा घास.

बाजूला एक बाई इतका वेळ उभी होती. सावळी, उंच, कपाळावर गोंदण. ती आबांची बायको, झेलाअक्का. तिचं काम म्हणजे रानभेंडीची खोडं ठेचून भिजत घालणं. त्या बुळबुळीत पाण्यानं रसातली मळी वर येते. वीस वर्षं ती चुलाणाच्या मागे बसून तेच करत आली होती. कढईजवळ बाईमाणसानं उभं राहायचं नाही, गूळ बिघडतो, असं तेव्हा मानत.

ती म्हणाली, "मी करसू."

सगळे नानांकडे वळले. नानांनी घसा साफ केला. नाना वाईट माणूस नव्हते. ते काळजीत होते. "अक्का, मना वरीसभरना ऊस शे."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "मीच निंदेल शे तो."

नाना आबांकडे बघायला लागले. आबा डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मनापेक्षा तिले जास्त समजस. मी उतरवस तो पाक तिन्हा खोकलावर."

मला हे तेव्हा कळलं नाही. नंतर अक्कानं सांगितलं. पाक व्हायला आला की ती मागून खोकायची. लोक समजत धुरानं खोकते. आबा तेवढ्यात हात वर करून 'उतरवा' म्हणायचे. पहिली काही वर्षं ते स्वतःच्या अंदाजानं चालले, मग त्यांच्या लक्षात आलं की बायकोचा अंदाज चुकत नाही. घरी त्यांनी कबूल केलं होतं. चारचौघांत त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

झेलाअक्कानं पदर खोचला आणि चुलाणाच्या कट्ट्यावर चढली.

मी त्या वेळी आबांच्या हाताला पट्टी बांधत होते, म्हणून सगळं पाहिलं नाही. पण मधूनमधून मान वर करून बघायची. रस उकळायला लागला, फेस वर आला, तिनं लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढली. रस उतू जाईल असा वर चढला तेव्हा चिमूटभर एरंडी ठेचून टाकली, फेस खाली बसला. वाफेनं तिचं तोंड लाल झालं होतं. पाक दाटला तेव्हा तिनं थेंब गार पाण्याच्या तांब्यात सोडला, बोटांनी चाचपला, पुन्हा सोडला. सहा माणसं दांडे धरून उभी. आबा माझ्या शेजारी बसलेले, मान लांब करून वास घेत होते. मला त्यांची नाडी बोटांखाली लागत होती, ती पळत होती.

"उतरवा," अक्का म्हणाली.

तिला वाटलं त्याहून थोडा उशीर झाला होता. पहिल्या कढईची भेली, म्हणजे गुळाची ढेप, कडक आणि तांबूस निघाली. लोक भोवती जमले. नानांनी एक खडा फोडला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. अक्का चेहऱ्यावर काहीच न दाखवता उभी होती, पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं.

"चहाले चाली," नाना म्हणाले.

एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि अक्का हसत नव्हती तरी तिचा हात पदरावरून सुटला. दुसऱ्या कढईची मऊ पडली, तीही चहालाच. तिसरीची तिच्या मनासारखी निघाली. हळदीला थोडं ऊन लागावं तसा तिचा रंग. त्यानंतर त्या हंगामात कढईवर तीच राहिली.

माझा दिवस मग गुऱ्हाळावरच उगवायचा. आबा घरी बसायला तयार नव्हते, मग मीच तिकडे जायची. मळ्यातल्या आंब्याखाली त्यांची बाज टाकली होती, वाफेपासून दूर पण आवाजाच्या टप्प्यात. अक्कानं माझ्यासाठी एक तांब्याचं घंगाळं घासून ठेवलं होतं. चुलाणाच्या मागच्या तोंडातून धग बाहेर पडते, तिथं ते ठेवायचं, की पाणी उकळत राहायचं. माझ्या पट्ट्या, चिमटा, कात्री सगळं त्यात. दवाखान्यातल्या स्टोव्हवर कधी इतकं खळखळ पाणी उकळलं नव्हतं. मी एकेक बोट वेगळं धुवायची, एकेका बोटाला व्हॅसलीनची पट्टी गुंडाळायची. पाच बोटं, पाच पट्ट्या. एक तास लागायचा. आबा तेवढा वेळ आंब्याच्या पानांकडे बघत राहायचे आणि अधूनमधून कढईकडे ओरडून काही सांगायचे, जे अक्का ऐकायची नाही.

पाचव्या दिवशी ताप आला. पट्टी सोडली तर वास. अक्कानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती कढई सोडून आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, खरं सांग. बोटं हालतीन का?"

खोटं बोलता आलं असतं. त्या वयात आपल्याला सगळं येतं असं दाखवायची मला सवय होती, तीच माझी अब्रू होती. पण ती बाई मला असं विचारत होती, जसं आपण आपल्या घरच्याला विचारतो.

"माले ठाऊक नही, अक्का," मी म्हटलं. "पन मी रोज येसू."

तिनं मान हलवली. बस्स. त्याच दुपारी बैलगाडी जुंपली आणि आम्ही आबांना भडगावला नेलं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. मी भिंतीला टेकून उभी. आता हे विचारणार, की आधी का आणलं नाही. ते म्हणाले, "ड्रेसिंग कोण करतं?"

"मी, सर."

"बोटं वेगवेगळी ठेवलीत, फार बरं केलंत. असंच चालू द्या." आणि पेनिसिलिन लिहून दिलं, रोज मी टोचायचं.

गाडीत परत येताना आबा झोपले. अक्का त्यांच्या डोक्याखाली मांडी देऊन बसली होती. गिरणेच्या पात्रातून गाडी उतरली तेव्हा पाणी बैलांच्या गुडघ्यापर्यंत होतं. अक्कानं ओंजळ भरून पाणी घेतलं, आधी आबांच्या कपाळाला लावलं, मग माझ्या. मला ताप नव्हता.

आठ दिवसांत ताप उतरला, तीन आठवड्यांत नवी कातडी आली. गुलाबी, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. पण बोटं ताठ झाली होती. मूठ वळेना. मी म्हटलं, रोज काहीतरी मऊ दाबायला हवं. चेंडू वगैरे कुठून आणणार? अक्कानं भाकरीच्या पिठाची परात आणून आबांसमोर ठेवली. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ. "हाई मया," म्हणाली आणि कढईकडे निघून गेली.

आणि मग गुऱ्हाळावर ते दृश्य रोज दिसायचं. बायको चुलाणावर उभी राहून सहा माणसांना हुकूम सोडते आहे, आणि हिलाल आबा आंब्याखाली मांडी घालून सगळ्या माणसांच्या भाकरीचं पीठ मळताहेत. सुरुवातीला दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. ऊस टाकायला आलेले लोक मुद्दाम थांबून बघायचे. आबा म्हणाले, "या वयमा पीठ मयाले शिकनू मी!"

अक्कानं वरूनच उत्तर दिलं, "आते थापाले बी शिका."

मी त्या दोघांचं लग्न जवळून पाहिलं. माझं लग्न पुढे पाचोऱ्याच्या एका शिक्षकाशी झालं, चांगलं झालं, आणि त्या चांगल्यातलं काही मी त्या आंब्याखाली शिकले होते. एकमेकांचं मोठेपण चारचौघांत कबूल करायचं, हे मला आबांनी दाखवलं. माझे यजमान शाळेतल्या लोकांसमोर सांगायचे, की घरातलं डोकं हिचं आहे. मी ओशाळायची. पण मला ते सुखाचं वाटायचं.

त्या दिवसांत मी काय काय खाल्लं! चुलाणाच्या तोंडाशी वांगी भाजायची, त्यांचं भरीत, वर कच्चा कांदा. कळण्याची भाकरी, जी आबांनी मळलेली असायची. आणि ताटाच्या कडेला गरम काकवी. पळीनं ओतली की आधी पसरायची, मग हळूहळू थांबायची. भरिताचा तिखट घास आणि मागून काकवीचं बोट. बायका उसाची चिपाडं वाळत घालताना माझ्याशी बोलायला लागल्या. आधी आबांच्या हाताबद्दल, मग स्वतःच्या कंबरदुखीबद्दल, मग ज्या गोष्टी बाई फक्त बाईलाच सांगते त्यांबद्दल. त्या बदलीच्या अर्जाची मला आठवण उरली नाही. उरलेले कोरे कागद भाजीखाली गेले असतील.

शिवरात्रीनंतर ऊस संपला. इंजिन थांबलं त्या दिवशी गाव बहिरं झाल्यासारखं वाटलं. आबांची मूठ तोवर तीन चतुर्थांश वळायला लागली होती. करंगळी शेवटपर्यंत वाकडीच राहिली. पण पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा दांडा धरला, आणि कढईवर अक्काच उभी राहिली. 'बाईमुळे गूळ बिघडतो' हे गावानं कधी मागे घेतलं नाही, फक्त त्यावर कुणी बोलेनासं झालं. शेजारच्या गावातूनही तिला बोलावणं येऊ लागलं. काही वर्षांनी दुष्काळ पडला, पाट कोरडे गेले आणि ऊसच राहिला नाही, तोवर ती गूळ काढत होती.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या आखाजीचं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. झेलाअक्काची लेक कौतिक पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिला घेऊन अक्का माझ्या खोलीवर आली आणि दारातूनच म्हणाली, "इनं बायतपन तूच कर."

मी विचारलं, "गावमा लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन," अक्का म्हणाली आणि पाणी प्यायला मागितलं.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी कौतिकला कळा सुरू झाल्या. भर दुपार, वैशाखाचं ऊन, अक्काच्या घरात पत्र्याखाली अंग भाजत होतं. गावातली जुनी सुईण मी मुद्दाम बोलावून घेतली. तिला उशाशी बसवलं, कौतिकचा हात तिच्या हातात दिला. बाहेर अंगणात अर्धं गाव जमलं होतं. झोक्यावरच्या पोरी गाणी थांबवून आल्या होत्या. मूल अडलं होतं, खांदा अडकला होता. पाच-सात मिनिटं मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतकी घाबरले. माझा आवाज मात्र घाबरलेला नव्हता, असं अक्का नंतर म्हणाली. मी कौतिकशी अहिराणीत बोलत होते. "जोर लाव माय, आते थोडंसंच, आते उनी देख." आणि खांदा सुटून पोर आली. निळसर, गप्प. मी तिला पालथी धरली, तोंड साफ केलं, पाठीवर चोळलं, टाचा चोळल्या. मग ती रडली, आणि बाहेरच्या अंगणात एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या.

सुईणीनं पोर माझ्या हातून घेतली आणि पुसली. अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथंच, पाय पसरून, ढसाढसा रडली. पौषात, माघात मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी हात धुवायला अंगणात आले. कुणीतरी माझ्या हातांवर तांब्यानं पाणी घातलं. कोपरापर्यंत साबण लावला, पाणी लाल होऊन वाहून गेलं, पुन्हा घातलं. मान वर केली तर समोर एक बाई उभी होती. कधी एक शब्द माझ्याशी बोललेली नव्हती. तिनं पोटावरून पदर नीट केला. इकडंतिकडं पाहिलं.

"बाई, माले सातवा महिना शे," ती म्हणाली. "तू मना घर येशी का?"

"येसू ना. कव्हय?"

"आतेच चाल."

मी तिच्याबरोबर निघाले. हात पुसायलाही थांबले नाही.